सतरा नंबरचं घर

बोरवेढ्याच्या टेकाडाची नोंद पूर्ण झाली, तेव्हा हर्षदा गव्हाणेला काहीच वाटलं नाही. पडद्यावर हिरवा आकडा आला: अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक टक्के. तंबूतल्या दोघा तंत्रज्ञांनी एकमेकांना टाळी दिली, कुणीतरी चहा आणून ठेवला. ती चहा प्यायली. साखर घालायची राहिली होती, हे तिला कप रिकामा झाल्यावर कळलं, तेही दुसऱ्यानं सांगितलं म्हणून.

हे तिचं बेचाळिसावं टेकाड होतं.

अशी टेकाडं नदीकाठच्या गावांना नवी नाहीत. शेतकरी त्यांना पांढर म्हणतात. आजूबाजूला काळीभोर जमीन आणि मध्येच राखेची, शेणाची, पडलेल्या भिंतींची मऊ पांढुरकी माती. बोरवेढ्याला, वाकडी नदीच्या काठी, साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं राहायला आली. तीनशे-चारशे वर्षं एका घराच्या पडझडीवर दुसरं घर बांधत गेली आणि मग कधीतरी निघून गेली. कुठे गेली, का गेली, ते त्या मातीतच राहिलं.

ते वाचायचं तर माती उकरावी लागे, आणि एकदा उकरलेली माती पुन्हा तशी रचता येत नाही. म्हणून जुने संशोधक टेकाडाचा थोडा भाग खणत आणि उरलेला तसाच ठेवत, पुढे कुणीतरी अधिक चांगली साधनं घेऊन येईल या भरवशावर.

ते साधन आलं, आणि ते आणणाऱ्यांमध्ये हर्षदा होती. आकाशातून अहोरात्र म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण पृथ्वीवर पडत असतात. आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. घट्ट वस्तूतून ते कमी पार होतात, भुसभुशीत मातीतून जास्त. टेकाडाच्या पोटाखाली आडवी भोकं पाडून त्यात संवेदक बसवायचे आणि सहा आठवडे पलीकडे पोचणारे कण मोजत बसायचं. जोडीला केसासारख्या बारीक सुया मातीत घालून तिचे गुणधर्म वाचायचे. या सगळ्या मोजमापातून संगणक जमिनीखालची प्रतिमा उभी करी. भिंती, चुली, रांजण, हाडं. एक ढेकूळही न हलवता. यंत्राचं नाव ठेवलं होतं भूदर्शक.

हर्षदानं आपल्या प्रबंधात एक वाक्य लिहिलं होतं: ‘अशी परिपूर्ण नोंद ही प्रत्यक्ष स्थळाच्या जतनाला पर्याय ठरू शकते.’ चार वर्षांनी नवा कायदा आला, त्यात ते वाक्य जवळजवळ जसंच्या तसं होतं. फक्त ‘ठरू शकते’च्या जागी ‘ठरेल’ झालं होतं. त्या दिवशी तिनं कार्यालयात पेढे वाटले होते. सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर खात्रीची नोंद झाली की अधिकाऱ्यानं प्रमाणपत्रावर सही करायची, आणि जमीन मोकळी. एकेचाळीस टेकाडं तिच्या सहीनं मोकळी झाली. कुठे रस्ता झाला, कुठे गोदाम, कुठे सौरपट्ट्यांचं रान. एका ठिकाणी शाळा झाली. पहिल्या दोन-तीन वेळा बुलडोझर चालताना ती जागेवर थांबली होती. मग थांबेनाशी झाली.

बेचाळिसाव्या जागेवर नांदवड्याच्या एकशे बारा कुटुंबांना घरं मिळणार होती. नांदवडं हे तिचं गाव.

*

तीन वर्षांपूर्वी श्रावणात नांदवड्याच्या डोंगरावर ढगफुटी झाली. डोंगराची एक बाजू सुटून खाली आली, वाकडीनं पात्र बदललं आणि सकाळपर्यंत अर्ध्या गावावर दीड पुरुष उंचीचा गाळ चढला. वरच्या आळीतली माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. हर्षदाची थोरली बहीण ऋतुजा गावातच दिलेली, ती, तिचा नवरा अमोल आणि दोन्ही मुलं वाचली. खालच्या आळीत एकटी राहणारी आई, संगीताबाई, सापडली नाही. अशी अकरा माणसं सापडली नाहीत. पुढे नदी परत जुन्या पात्राकडे सरकली, पण गाळ तसाच राहिला.

चाळीस दिवसांनी शोध थांबला. त्या दिवशी ऋतुजा म्हणाली, “तुझं यंत्र जमिनीतलं समदं बघतं म्हणतीस ना? मग आई बघ.”

हर्षदानं चाचणीच्या नावाखाली भूदर्शक आणला. दहाच दिवसांच्या मोजणीवर प्रतिमा आली. घराच्या भिंती, माळ्याची पडलेली तुळई, स्वयंपाकघर, कोपऱ्यातलं जातं. जात्याशेजारी एक आकृती, उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, एक हात डोक्याखाली. खात्री शहाण्णव टक्के.

ऋतुजानं पडद्याला बोट लावलं. “म्हंजी घरातच हाय,” एवढंच ती बोलली.

खणायचं नाही असं ठरलं. गाळ ओला होता, भिंती अंगावर आल्या असत्या, आणि वरून मनाईहुकूमही होता. ऋतुजाच म्हणाली, तिच्या घरात निजलीय, निजू दे. दर्भाचा पुतळा करून क्रिया केली. पिंडाला कावळा लगेच शिवला. मग आणखी चार घरची माणसं हर्षदाकडे आली आणि तिनं त्यांनाही आपापल्या माणसांच्या प्रतिमा करून दिल्या. गव्हाण्यांच्या धाकटीनं आमची माणसं परत दिली, असं लोक म्हणत.

हर्षदा क्रिया उरकून कामावर रुजू झाली. रडू आलं नव्हतं. येईल नंतर, असं तिला वाटलं होतं. आलं नाही, आणि हळूहळू बाकीचंही यायचं थांबलं. जेवणातलं मीठ कळेना. गाण्याचे शब्द कळत, चाल कळत नसे. याला दुःख म्हणावं असंही तिला वाटत नव्हतं. दंतवैद्यानं हिरडीत सुई दिल्यावर ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंगभर झालं होतं.

*

सही करण्याआधी ती संगमनेरला ओगले सरांकडे गेली. पंचवीस वर्षांपूर्वी बोरवेढ्याचं उत्खनन डॉ. मिलिंद ओगले यांनीच केलं होतं आणि हर्षदा त्यांची विद्यार्थिनी. कायदा आला तेव्हा सरांनी तिला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. तिनं उत्तर दिलं नाही, त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. आता ते ब्याऐंशी वर्षांचे होते, नजर अधू झाली होती. तिनं नकाशा त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी भिंग उचललं.

“किती घरं दिसतायत?”

“एकसष्ट, सर. त्यातल्या चौतीस घरांत जमिनीखाली मुलांची पुरणं आहेत.”

त्या काळची माणसं तान्हं मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यात मूल निजवत आणि घराच्या जमिनीतच पुरत. वरून पुन्हा सारवण, चूल, रोजचं राहणं. ओगले सरांनी अशी बरीच पुरणं आपल्या हातांनी उघडली होती.

भिंग फिरता फिरता एका जागी थांबलं. “हे माझ्या खड्ड्यातलं. सतरा नंबरचं घर.”

“हो. तुमचेच नंबर ठेवलेत. तुम्ही इथे वरच्या जमिनीपर्यंत येऊन थांबलात, असं अहवालात आहे. खाली पुरण आहे बघा, दोन रांजणांचं.”

“अहवालात शेवटचा हंगाम नाही. तो कधी छापलाच नाही.” सरांनी भिंग खाली ठेवलं. “हे घर आम्ही तळापर्यंत नेलं होतं, हर्षदा. खाली काही नव्हतं.”

“सर, तिथे नव्याण्णव टक्के खात्री आहे.”

“असेल.”

त्यांचं वय झालंय, असं तिच्या मनात आलं. ते त्यांना कळलं असावं. त्यांनी तिला कपाटातून तिसऱ्या खणातली हिरव्या कापडी बांधणीची वही काढायला लावली. पानं पिवळी पडली होती, अक्षर मात्र स्वच्छ होतं. ‘घर १७. जमिनीचे अकरा थर, प्रत्येक सारवलेला. खाली पुरण नाही. त्याखाली मूळ काळी माती. निळे प्लास्टिक अंथरून, चालू सालचे नाणे ठेवून खड्डा बुजविला.’

हर्षदानं ते तीनदा वाचलं.

“माझे गुरू चाळून झालेली माती नदीत टाकायला लावायचे,” सर म्हणाले. “त्या मातीत माणसांचे अंश असतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांची चूक नव्हती. ज्याची कल्पनाच नाही ते कसं शोधणार? म्हणून मी अर्धं टेकाड ठेवलं.” मग जरा वेळानं, “तू चहा घेणार का?”

तिनं वहीच्या पानाचा फोटो काढला आणि चहा न घेता निघाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दत्तू खेमनरला घेऊन टेकाडावर गेली. दत्तू साठीचा, तिथला राखणदार. तरुणपणी सरांच्या खड्ड्यांवर त्यानं कुदळ चालवली होती. तपासणीसाठी एक मीटरचा चौकोनी खड्डा घ्यायचा अधिकार तिला होता. नऊ वर्षांत तिनं तो कधी वापरला नव्हता.

तिनं नकाशावरून जागा धरली, दोऱ्या बांधल्या आणि स्वतः आत उतरली. करणी धरायची सवय बोटांना अजून होती. माती भुसभुशीत लागली, मिसळलेली, एकदा वर काढून परत लोटलेली. दत्तू पाट्या वर ओढत होता.

“हितं सर उभं राह्यचे,” तो म्हणाला. “तासनतास. आमाला वाटायचं, ह्ये बघतंय काय?”

दीड मीटरवर करणी सरकली आणि निराळा आवाज आला. निळं प्लास्टिक. तिनं हातानं माती बाजूला केली. मध्यभागी पाच रुपयांचं नाणं होतं, हिरवट पडलेलं, त्यावर सरांच्या शेवटच्या हंगामाचं साल. तिनं प्लास्टिकचा कोपरा उचलून खाली सुई घातली. काळी माती. आणखी खाली काळी माती.

बरोबर त्याच जागी, त्याच खोलीवर, यंत्राच्या प्रतिमेत दोन रांजण होते. तोंडाला तोंड लावलेले. एकाच्या काठाचा टवका उडालेला होता, तोसुद्धा दिसत होता.

“ताई, रांजण कुठं गेले मग?”

“नव्हतेच, दत्तूभाऊ.”

“यंत्रात तर व्हते.”

“हो. यंत्रात होते.”

तो टवका तिनं कुठेतरी पाहिला होता. तंबूत येऊन तिनं जुन्या नोंदी उघडल्या. अकराव्या टेकाडावर, इथून दोनशे किलोमीटर लांब, तोच रांजण होता. तोच टवका, तशाच कोनात. मग एकोणिसाव्यावर. मग तिसाव्यावर.

दुपारपर्यंत तिला सगळं उलगडलं, आणि ते फार अवघड नव्हतं. कणांची मोजणी जिथे अंधुक असे तिथे संगणक अंदाज करी. इतर टेकाडांवर अशा घरात अशा जागी काय सापडलं, ते पाहून तो रिकामी जागा भरी. हे तिला ठाऊक होतं. ती सोय तिच्याच गटानं ठेवली होती. पण सुरुवातीच्या तीन टेकाडांवर प्रतिमा प्रत्यक्ष खणून पडताळली होती, ती शेवटची पडताळणी. त्यानंतर कुणी खणलं नाही, कारण न खणणं हाच यंत्राचा मोठेपणा होता. प्रत्येक सही झालेली प्रतिमा ‘पडताळलेली’ म्हणून यंत्राच्या ज्ञानात जमा होत गेली. त्यानं जे कल्पलं तेच पुढच्या वेळी त्याला पुरावा म्हणून मिळालं. अंदाज वाढत गेला तशी खात्री वाढत गेली. अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक हा आकडा यंत्राचा स्वतःवरचा विश्वास होता. बोरवेढ्याच्या मातीशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

सतरा नंबरच्या घरात कुणाचं मूल गेलं नव्हतं. यंत्रानं ते तिथे पुरलं होतं.

तंत्रज्ञ जेवायला गेले आणि आले. मग तिनं नांदवड्याची फाइल उघडली. जातं. आकृती. उजवी कूस, डोक्याखाली हात. यापूर्वी तिनं कधी विचारला नव्हता तो प्रश्न तिनं यंत्राला विचारला: या आकृतीतला किती भाग मोजलेल्या कणांचा आणि किती भरलेला?

मोजलेला अकरा टक्के. भरलेला एकोणनव्वद.

तिनं पडदा मिटला.

*

“एका घरावरून तू सगळं टेकाड अडवतेस?” फोनवर सहसंचालक पराग देवस्थळी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पुरात त्यांनी स्वतः उभं राहून नांदवड्याला तंबू पोचवले होते. “पंधरा तारखेला भूमिपूजन आहे. तुझ्याच गावची माणसं आहेत, हर्षदा. तीन वर्षं पत्र्याखाली.”

“माहीत आहे, सर.”

“आणि तू म्हणतेस ते खरं धरलं, तर बेचाळीस ठिकाणांचं काय करायचं?”

“एकेचाळीस,” ती म्हणाली. “बेचाळिसावं अजून जागेवर आहे.”



तिनं अहवाल लिहिला. निळ्या प्लास्टिकचा फोटो जोडला, टवक्याच्या रांजणाचे चार फोटो जोडले. प्रबंधातलं आपलं वाक्य लिहिलं आणि त्याखाली लिहिलं की ते चुकीचं होतं. प्रमाणपत्र कोरं परत पाठवलं. सगळं करताना तिला धीराचं काही करतोय असं वाटलं नाही, भीतीही वाटली नाही. रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करावं तसं तिनं ते केलं.

सरांना तिनं फोन केला. ते खूश होतील, असं तिला उगाच वाटलं होतं.

“एकेचाळीस,” सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. “म्हणजे ती आता ना जमिनीत राहिली, ना नोंदीत.” मग त्यांनी ठेवतो म्हणून फोन ठेवला.

*

नांदवड्याची शेडं तालुक्याच्या रस्त्याला लागून होती. हर्षदा पोचली तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता आणि ऋतुजा ड्रमवर फडकं बांधत होती. अमोल बाजेवर बसून मोबाइलवर प्लॉटचा नकाशा कुणाला तरी दाखवत होता. त्यांचा प्लॉट कोपऱ्याचा निघाला होता.

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. सही केली नाही. का केली नाही.

अमोलनं शेजारच्याला जा म्हणून खूण केली. “मेव्हणीबाई झाल्यात मोठ्या,” असं काही तो बोलला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, “कदी मिळंल मग जागा?”

“माहीत नाही, दाजी. वर्षभर तरी नाही.”

तो उठला, चपला घातल्या आणि रस्त्याकडे चालता झाला.

ऋतुजानं ड्रमची गाठ सोडली, परत बांधली. “यंत्र खोटं बोलतंय म्हणतीस.”

“खोटं नाही. जिथं दिसत नाही तिथं ते अंदाज करतं. आणि अंदाज आहे हे सांगत नाही.”

“आन् आई?”

हर्षदाला वाटलं होतं, हे आपल्यालाच सांगावं लागेल. बहिणीनंच विचारलं. “माहीत नाही, ताई. असेल तिथंच. नसेलही.”

“अकरा दिवस केलं आपण. मुंडन केलं ह्यांनी. कुणाचं केलं मग ते?”

हर्षदानं ड्रमच्या गाठीकडे पाहिलं.

“तू ते चित्र दाखवलंस तवा तुझ्या डोळ्यात पाणी नव्हतं,” ऋतुजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला वाटलं, शिकलेल्या माणसाचं आसंच आसतंय. मी तुझ्याकडं बघून गप बसले. नायतर मी तवाच खणलं आसतं. नखांनी खणलं आसतं.”

शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. पलीकडच्या दारात दोन बाया उभ्या राहून ऐकत होत्या.

“गाळ आता वाळला आसंल,” ऋतुजा म्हणाली.

“वाळलाय.”

“मग खणायचं.”

*

चौकशी बसली. भूदर्शकाची सगळी प्रमाणपत्रं स्थगित झाली. हर्षदाला घरी बसवलं. नांदवड्याला आठ किलोमीटर लांबचं गायरान द्यायचं ठरलं, तेही पुढच्या उन्हाळ्यानंतर. लोक तिच्याशी बोलेनासे झाले. समोरून आली की बाया पदर सारखा करत आणि दुसरीकडे बघत. त्यांना दोष द्यावा असं तिला वाटलं नाही.

ज्या चार घरांना तिनं प्रतिमा दिल्या होत्या, त्यांच्याकडे ती एकेक करून गेली आणि तेच सांगितलं. एकानं तिला दारातून परत लावलं. बाकीचे खणायला तयार झाले.

दिवाळीनंतर तहसीलदारांची परवानगी आली आणि त्यांनी सुरुवात केली. हर्षदानं दोऱ्या आखल्या, चौकोन पाडले. कुदळ नको, फावडं नको, शेवटच्या हातभर मातीला तर नकोच. खुरप्यानं, वरून खाली, बोटभर जाडीचा एकेक पापुद्रा काढायचा. काढलेली माती चाळायची. जे निघेल ते उचलायचं नाही, आधी सांगायचं. हे विद्यार्थ्यांना शिकवायला तिला महिना लागे. बायांना अर्धा दिवस लागला. खुरपं त्यांच्या हातात जन्मभर होतं. तिसऱ्या दिवशी अमोल आला. त्यानं पाटी उचलली. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागून आणखी सहाजण आले.

पहिल्या घरात म्हातारे शिवाजी कडलग सापडले, प्रतिमेत होते तिथेच, दाराशेजारी. दुसऱ्या घरातली सूनबाईही तिथेच सापडली. तिच्या सासूनं येऊन हर्षदाचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. तिसऱ्या घरात कुणीच नव्हतं. यंत्र कुठे खरं बोललं आणि कुठे नाही, हे खणल्याशिवाय कळायचा मार्ग नव्हता. रात्री झोपताना हर्षदाला एकेचाळीस टेकाडं आठवत, आणि ती मोजत राही.

गव्हाण्यांचं घर शेवटी घेतलं. सात दिवसांनी माळ्याची तुळई लागली, प्रतिमेत होती तशी, तिरकी. नवव्या दिवशी जात्याची वरची तळी दिसली. तीही बोटाबोटाला बरोबर. हर्षदानं सगळ्यांना बाहेर काढलं. आत दोघी बहिणीच राहिल्या.

जात्याच्या डाव्या अंगानं त्या खाली गेल्या. एक स्टीलचा डबा, आत भिजून दगड झालेलं पीठ. शेगडी. दांडा तुटलेला तवा. गाळ. पुन्हा गाळ. ऋतुजानं खुरपं टाकलं आणि हातानं उपसू लागली. हर्षदानं तिला थांबवलं नाही. संध्याकाळच्या उन्हात शहाबादी फरशी लागली, स्वच्छ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिथे कुणी निजलेलं नव्हतं. कधीच नव्हतं.

ऋतुजा फरशीवर बसली. रडली नाही, नुसती बसली.

पुढचे दोन दिवस त्यांनी उरलेलं घर मोकळं केलं. बाहेरची खोली, देवळी, न्हाणी. कुठेच नाही. अकराव्या दिवशी सकाळी हर्षदा मागच्या दारापाशी पोचली. दाराची फळी भिंतीला टेकून गाळात घट्ट रुतली होती. पाण्यानं मोडली असती तर बिजागऱ्या वाकल्या असत्या. त्या सरळ होत्या. आतली कडी काढून बाजूला अडकवलेली होती, आई नेहमी अडकवायची तशी. दाराशेजारी चपलांची जागा होती. एक जुनी, अंगठा तुटलेली जोडी तिथे होती. रोजची जोडी नव्हती.

तिनं ऋतुजाला हाक मारली.

दोघी उंबऱ्यापाशी वाकून बघत राहिल्या. मागच्या दारातून दोन वाटा निघत. डावीकडे शेळीचा गोठा. उजवीकडे चढण, वरच्या आळीला, ऋतुजाच्या घराकडे.

“माज्याकडं यायला निघाली व्हती,” ऋतुजा म्हणाली.

“असेल.”

“का शेळी सोडायला गेली?”

“माहीत नाही, ताई.”

हर्षदानं वही काढली. तारीख लिहिली, खोली लिहिली, मातीचा रंग लिहिला. ‘घर रिकामे. मागील दार आतून उघडलेले. कडी शाबूत. रोजच्या चपला नाहीत.’ अक्षर थोडं वाकडं आलं. मनगट दुखत होतं, बहुधा बऱ्याच दिवसांपासून.

ऋतुजानं तिच्या खांद्यावरून वाचलं. वाचून झाल्यावर तिनं डोकं तिथेच टेकवलं आणि मग तिला रडू फुटलं, अंग गदगदा हलेल असं. हर्षदानं वही मिटली नाही. मोकळा हात मागे नेऊन तिनं बहिणीची वेणी धरली आणि धरूनच ठेवली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत काही नव्हतं, आणि ते तिनं या वेळी लपवलं नाही.

ऊन वर आलं. बाहेर पाट्यांचा आवाज थांबला होता, सगळे वाट बघत होते.

ऋतुजानं पदरानं तोंड पुसलं. “आधी कुटं? गोठा का चढण?”

हर्षदानं दोन्हीकडे पाहिलं. दोन्हीकडे सारखाच गाळ होता, सारखाच उंच.

“गोठा जवळ आहे,” ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीपासून तीन हातांवर तिनं पहिली खुंटी ठोकली.